मदत हवी आहे : थंडरवेव्हने ढकललेला ऑर्क भेगेत पडतो की पलीकडे जातो?

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं घेऊन फाशांनी खेळायचा खेळ) पाचवी आवृत्ती, २०१४चे नियम. ग्रिडवर खेळतो, एक चौकोन ५ फूट. डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवून निवाडा देणारी व्यक्ती) मीच.

ऑर्क (शत्रू राक्षस) भेगेच्या अगदी काठावर उभा. भेग ५ फूट रुंद, ३० फूट खोल, पलीकडे सपाट जमीन. विझार्डने (जादूगार पात्र) समोरून थंडरवेव्ह (जवळच्यांना मागे ढकलणारा मंत्र) टाकला, ऑर्कचा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (मारा सोसण्यासाठी टाकायचा फासा) फसला. आता त्याला १० फूट ढकलायचं, म्हणजे पहिला चौकोन हवेत आणि दुसरा पलीकडच्या काठावर.

टेबलावर दोन तट पडलेत. विझार्ड म्हणतो, पायाखाली जमीन नाही म्हटल्यावर तिथेच पडला, ३डी६ (सहा बाजूंचे तीन फासे टाकून येईल तेवढी इजा) द्या. बाकीचे म्हणतात, आधी १० फूट पूर्ण होऊ द्या, मग पडायचं बघू. म्हणजे गडी सुखरूप पलीकडे! रिपेलिंग ब्लास्टमध्ये (वॉरलॉक या दुसऱ्या प्रकारच्या जादूगाराची ढकलायची शक्ती) ‘१० फुटांपर्यंत’ असल्यामुळे वॉरलॉक ५ फुटांवर थांबवू शकतो, तिथे वाद नाही. थंडरवेव्हमध्ये मात्र सरळ ‘१० फूट’ लिहिलंय.

प्लेअर्स हँडबुकातला (मूळ नियमपुस्तक) हालचालीचा आणि पडण्याचा भाग वाचून झालाय. पडल्यावर किती लागतं ते आहे, नेमकं कधी पडायचं ते सापडलं नाही. झॅनाथर्स गाइडमध्ये (पूरक नियमपुस्तक) पडणं तत्काळ धरलंय, पण ढकलणं चालू असताना काय, ते नाही. चौथ्या आवृत्तीतला काठावरचा सेव्ह (पडण्याआधी वाचायचा फासा) आणायचा नाहीये. असं ढकललेल्यावर अपॉर्च्युनिटी अटॅक (जवळून निसटणाऱ्यावर करायचा जादा वार) मिळत नाही, हेही ठाऊक आहे.

‘डीएम ठरवेल ते’ हे उत्तर कृपया नको, तो शहाणपणा माझ्याकडे आहे. सक्तीची हालचाल चौकोनागणिक मोजायची की एकसंध धरायची, याला छापील नियमात कुठे आधार आहे का?