मदत हवी आहे : ड्रमच्या भट्टीवर डुकराच्या बरगड्या मऊ कशा कराव्यात?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, जंगलाला लागून. ओव्हन नाही. वेल्डरकडून जुना लोखंडी ड्रम आडवा कापून, झाकण नि जाळी बसवून घेतली आहे. बाभळीचं नि आंब्याचं सरपण भरपूर.

अडचण एकच. बरगड्या बाहेरून करपतात आणि हाडाजवळ मांस चिवटच राहतं. रश्श्यात हेच मांस छान गळतं, पण मला अमेरिकेकडे करतात तशा धुरावरच्या हव्यात. तिकडे ११० ते १२० अंश सेल्सिअसवर तीन तास धूर, दोन तास फॉइलमध्ये गुंडाळून आणि शेवटचा तास सॉस लावून ठेवतात म्हणे. बाभळीचा आर एकदा फुलला की झाकणाला हात लाववत नाही, तिथं सहा तास मंद आच कशी धरायची?

रोडग्यांसाठी लावतो तसा गोवऱ्यांचा आर चालेल का? तो हळू नि लांब चालतो, पण रोडग्याची राख झटकता येते, मांसाला लागलेला वास कसा झटकणार? फॉइलऐवजी पानग्यांसारखी पळसाची पानं गुंडाळली तर?

सॉस टोमॅटो, गूळ, व्हिनेगर, मोहरी नि भिवापुरी मिरचीचा करणार आहे. हुरड्याला सगळे शेतात जमतील. आबाजींना डुकराचं मटण फार आवडतं, पण आता चावणं जमत नाही. त्यांना खाता यावं एवढंच मनात आहे.

प्रतिसाद :

भाऊ, आर मांसाखाली ठेवूच नका. ड्रमच्या एका टोकाला आर, दुसऱ्या टोकाला बरगड्या आणि त्यांच्याखाली पाण्याची परात. कोळसा बाहेर चुलीवर फुलवायचा नि आच उतरली की थोडाथोडा आत सरकवायचा. हवेची भोकं जवळजवळ बंद. धुरासाठी आंब्याचे वाळलेले तुकडे, तेही सुरुवातीलाच. गोवरी नको, झाकणाखाली तिचा धूर कोंडतो.

त्याआधी हाडाच्या बाजूची पांढरी झिल्ली काढा. चाकूच्या टोकानं एक कोपरा उचकटायचा, कोरड्या फडक्यात धरून ओढायचा, बहुतेक वेळा सबंध निघते. ती राहिली तर मसाला शिरत नाही नि दाताखाली रबरासारखी लागते.

पळसाच्या पानांतून वाफ निसटते. त्यापेक्षा घट्ट झाकणाच्या गंजात संत्र्याचा थोडा रस घालून बरगड्या दोन तास मंद आचेवर ठेवा. आबाजींच्या वाट्याच्या अर्धा तास जास्त. हाडाजवळचे चिवट धागे वितळायला वेळच लागतो, जाळ वाढवून ते काम होत नाही. गुळाचा सॉस शेवटच्या अर्ध्या तासातच लावा, आधी लावला तर काळा पडतो.

मांसाचा थर्मामीटर मागवता आला तर बघा, हाडांच्या मधे ९० ते ९५ अंश हवेत. नसेल तर हाडाची टोकं अर्धं पेर उघडी पडली का ते पाहा. मग चिमट्यानं एका बाजूनं उचला : पट्टी मधे वाकून वरची साल तडकली की झालं.

आणि ड्रम आधी कशाचा होता ते विचारून घ्या. फवारणीच्या औषधाचा असेल तर कितीही जाळला तरी वापरू नका. खाद्यतेलाचा असेल तर रिकामाच तासभर पेटवून आतला रंग जाळून टाका. जाळी जस्ताच्या मुलाम्याची नको, तापली की त्याचा धूर विषारी असतो.