अनुभव धागा : मातीचा गल्ला रिकामा कसा करता?

गणपती तोंडावर आले की आपल्या किनारपट्टीवर घरोघरी गल्ले फळीवरून खाली उतरतात. फोडून किंवा न फोडता, कसेही काढत असाल, कृती नेमकी लिहा. काय बिघडतं आणि का, तेही.

गुहागर :
न फोडता काढायचं तर सहा इंची स्टीलची पट्टी घ्या. सुरी नको, तिच्या टोकाने फटीची कड उडते आणि पुढे चीर तिथूनच जाते. गल्ला डोक्याच्या वर उलटा धरा, फट खाली. पट्टी तिरकी आत सारा आणि गल्ला हळू कलता करा. नाणं पट्टीवर आडवं पडलं की घसरत बाहेर येतं. जोरात खडखडवलं तर नाणी फटीपाशी आडवी-उभी गच्च बसतात. मग गल्ला सुलटा करून सगळी तळाशी पाडायची आणि पुन्हा सुरुवात. १० आणि २० ची नाणी २७ मिमी व्यासाची, फट त्याहून जेमतेम मोठी. त्यामुळे ती अगदी फटीच्या रेषेत आली तरच निघतात. धीर नसेल तर या वाटेला जाऊ नका.

मालवण :
गुहागरने सांगितलेल्या पट्टीच्या टोकाला चपटं लोहचुंबक चिकटपट्टीने बांधा, काम निम्म्यावर येतं. पट्टी, चुंबक आणि नाणं मिळून साधारण साडेचार मिमी जाडी होते, फट तेवढी हवी. १ रुपया आणि नवे २ रुपये पोलादी, ते चिकटतात. पितळी ५, १० आणि जुने तांबे-निकेलचे २ रुपये चिकटत नाहीत. त्यांना गुहागरची पद्धत.

दापोली :
एवढा खटाटोप कशाला? फोडा. फक्त चिऱ्याच्या पायरीवर आपटू नका, खापऱ्यांचा चुरा होतो आणि नाणी पार परसात जातात. गोणपाटात गुंडाळून जमिनीवर आडवा ठेवा, पोटाच्या सर्वांत फुगीर भागावर वरवंट्याचा एक ठोका. बुडाला मारू नका, ते जाड असतं. उघडताना पायांत चपला हव्यात. नंतर मोठ्या भोकांच्या चाळणीने चुरा खाली, नाणी वर.

वेंगुर्ला :
बांबूचा गल्ला असेल तर कोयता लावूच नका, उभा चिरतो आणि कायमचा जातो. खालच्या गाठीच्या पडद्याला ३० मिमीचं भोक पाडून लाकडी बूच बसवा. पुढच्या वर्षी बूच काढलं की झालं.

दापोली :
बूच पावसाळ्यात फुगतं हो, आधी दोन दिवस उन्हात ठेवा.

श्रीवर्धन :
कोणी नोटांचं लिहिलंच नाही. दमट हवेत त्या एकमेकींना चिकटतात, लाकडी फळीवर गल्ला असेल तर वाळवीही लागते. ओढून सोडवू नका. पंख्याखाली सावलीत वाळवून मग अलगद सुट्या करा. फाटलेल्या बँकेत बदलून मिळतात.
५ च्या पितळी नाण्यांवर खाऱ्या हवेने हिरवट डाग येतात. आमसुलाच्या पाण्यात पाच मिनिटं, लगेच गोड्या पाण्याने धुऊन कोरडी करा. पोलादी नाण्यांना हा उपाय नको.

अलिबाग :
वजनावर मोजत असाल तर आधी वर्गवारी. २०१९ च्या आधीचं पितळी ५ चं नाणं ६ ग्रॅम, जुनं तांबे-निकेलचं ९ ग्रॅम. मिसळलीत की हिशेब चुकलाच. बँकेत १ आणि २ ची नाणी शंभर-शंभरच्या प्लास्टिक पिशव्यांत नेली तर खिडकीवर वाद होत नाही. २५ पैसे २०११ पासून बाद, ते बाजूला काढा. ५० पैसे अजून चालतात.