पहिल्या मीटिंगचं दार: नाशिककरांनो, तुमचा अनुभव लिहा

धागाकर्ता
परवा एका मित्राने विचारलं, "तुझ्याकडे तो मीटिंगचा पत्ता आहे ना? मेव्हण्यासाठी हवाय." मेव्हणा कोण ते मी ओळखलं. ९ वर्षांपूर्वी मीही 'एका मित्रासाठी'च विचारलं होतं. पत्ता दिला तरी माणूस दारापर्यंत पोचतोच असं नाही, म्हणून हा धागा. एए म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा आपसातला गट, किंवा पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीची अल-अ‍ॅनॉन. पहिल्यांदा कसे गेलात, आत काय झालं, लिहा. दुसऱ्या कुणाची ओळख पटेल असं काही नको.

माझंच आधी सांगतो. सिडकोतली एक शाळा, वेळ साडेसातची. मी सातलाच समोरच्या टपरीवर चहा घेऊन बसलो आणि आत जाणारी माणसं बघत राहिलो. एकही 'बेवडा' दिसेना. इस्त्रीचे शर्ट, एकाच्या हातात मेथीची जुडी. वाटलं पालकसभा असणार. परत फिरलो. पुढच्या आठवड्यातही तेच. तिसऱ्या वेळी टपरीवालाच म्हणाला, "दादा, वरच्या मजल्यावर, डावीकडे." (कसली डोंबलाची अनामिकता! पण त्याने आजवर किती जणांना वर धाडलं असेल कोण जाणे.) लहान मुलांच्या बाकांत गुडघे अडकवून आठ-दहा माणसं बसली होती. नाव फक्त पहिलं सांगायचं. फॉर्म नाही, फी नाही. शेवटी थैली फिरते, जमेल त्याने टाकावं. बाहेरच्यांची देणगी घेतच नाहीत. मी त्या दिवशी तोंड उघडलं नाही, आणि कुणी उघड म्हणालंही नाही.

रात्रपाळी
अंबडला कंपनीत आहे. दारू सोडणं मला कधीच अवघड नव्हतं, दर श्रावणात सोडायचो! गणपती उठले की पुन्हा चालू. "श्रावण पाळतो, म्हणजे मी बेवडा नाही," हे बायकोला १२ वर्षं ऐकवलं. दोनदा माळही घातली. पहिल्यांदा काढून खुंटीला लावली. दुसऱ्यांदा गळ्यात असतानाच प्यायलो, ते अजून टोचतं.

मीटिंगमध्ये हे सांगितलं, तर नंतर चहा पिताना एका आजोबांनी विचारलं, "श्रावणाच्या शेवटच्या आठवड्यात मनात काय असायचं रे?" काय असणार, कॅलेंडर! तिथे महिन्याचा वायदा कुणी मागत नाही. आज घ्यायची नाही, एवढंच. उद्याचं उद्या.

एक मात्र सांगतो, पहिल्या मीटिंगवरून मत बनवू नका. मी आधी गेलो त्या ग्रुपमध्ये एकच गृहस्थ पाऊण तास बोलले. आता शिफ्टप्रमाणे दोन ग्रुप धरलेत, एक नाशिकरोडचा.

तिची बाजू
मी अल-अ‍ॅनॉनला जाते. वाटलं होतं, नवऱ्याची कशी सोडवायची ते शिकवतील. त्यांनी त्याच्याबद्दल फार विचारलंच नाही. मी काय करते, ते बोलायला लागले आणि माझं मलाच ऐकू आलं: बाटल्या शोधून मोरीत ओतणं, साहेबांना फोन करून "त्यांना ताप आहे" सांगणं, खिसे तपासणं. तो ताप मी आता सांगत नाही. घरी सुरुवातीला 'भजनाला जाते' म्हणायचे. एक दिवस सासूबाई म्हणाल्या, मलाही ने भजनाला. आता दोघी जातो. तो अजून पितो.

द्राक्षवाला
निफाड तालुका. गावात गाडी कुठे उभी आहे यावरून चर्चा होते, म्हणून नाशिकला येतो. बाजारात काम आहे म्हणून सांगतो.

माझी चूक दुसऱ्याने करू नये म्हणून लिहितो. रोज सकाळपासून घेणारा मी, जिद्दीने एका दिवसात बंद केली. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या, मग झटका आला. डॉक्टर भावाला म्हणाले, इतकी पिणाऱ्याने अचानक थांबवणं जिवावर बेततं, औषधांच्या आधाराने उतरवावी लागते. मीटिंग म्हणजे दवाखाना नाही. आधी डॉक्टर, मग बाक.

शंकेखोर
हे चर्चचं काम आहे का? प्रार्थना असते म्हणे.

धागाकर्ता
नाही. १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही पिणारे, एकमेकांशी बोलत बसले, तिथून हे सुरू झालं. दारूतून बाहेर पडायच्या एएच्या बारा पायऱ्यांत देव आहे, पण 'ज्याला जसा कळेल तसा'. आमच्यात एक पक्के नास्तिक आहेत, प्रार्थनेच्या वेळी खुर्च्या आवरतात. यायला एकच अट, पिणं थांबवायची इच्छा. घरच्यांना सोबत आणायचं असेल तर ओपन मीटिंग कधी असते ते विचारा.

पत्ता हाती नसेल तर सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, मन फारच खचलं असेल तर टेलि-मानस १४४१६.

कोरा चहा
चौदा पुरुष आणि मी एकटी बाई. 'कुणाच्या मिसेस?' असं विचारलं एकाने. म्हटलं, कुणाची नाही, माझीच मी आलेय. दोन महिने फक्त ऑनलाइन बायकांच्या मीटिंगला बसले, कॅमेरा बंद. आता प्रत्यक्ष जाते. 'मिसेस'वाले काका माझ्यासाठी पंख्याखालची जागा धरतात.

नवा सदस्य
वाचतोय. मेव्हण्यासाठी. ती टपरी अजून आहे का?

धागाकर्ता
पलीकडे हलवलीय, रसवंतीच्या शेजारी. निरोपात पत्ता धाडतो. सातला मी तिथेच असतो.