विश्रामबागवाड्याचे सुरूचे खांब आणि आमचे ठाण्यातले जुने घर

नौपाडाकर : गेल्या आठवड्यात ठाण्याहून पुण्याला जाऊन विश्रामबागवाडा पाहिला. दर्शनी भागातील, सुरूच्या झाडासारख्या निमुळत्या घाटाचे कोरीव सागवानी खांब पाहताना आमच्या ठाण्यातील जुन्या कौलारू घराच्या ओटीवरचे खांब आठवले. तेही सुरूच्याच घाटाचे असून दगडी तळखड्यांवर, म्हणजे खांबाखालच्या दगडी बैठकींवर, उभे आहेत. तळखडा केवळ शोभेसाठी असतो का? शिवाय भिंतींना ओल आली असून गवंडी सिमेंटचा गिलावा सुचवत आहे.

जुनाचिरा : तळखडा शोभेचा मुळीच नव्हे. लाकूड जमिनीला टेकले, की ओल आणि वाळवी बुंध्यापासूनच चढते; दगड ती वाट अडवतो. विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमारास बांधला. १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली, १८७९ च्या आगीत वाड्याचा काही भाग जळाला आणि पुढे नगरपालिकेचा कारभारही तिथूनच चालला. वाडा सतत वापरात राहिला, ही मला त्याच्या टिकण्याची मोठी बाजू वाटते.

चुनेगच्ची : सिमेंट कृपया लावू नका. चुन्याच्या जुन्या भिंतीत शिरलेला दमटपणा गिलाव्यातून हळूहळू बाहेर पडतो, सिमेंटने मात्र तो आत कोंडला जाऊन तुळयांची टोके कुजू लागतात. खाडीकाठच्या ठाण्याच्या पावसात हे फार लवकर घडते. आधी पन्हळी आणि कौले तपासा.

नौपाडाकर : मनःपूर्वक आभार. गवंड्याला आजच थांबवतो.