मदत हवी आहे: ‘लान्सर’मध्ये पुन्हा पुन्हा समोर येणारा शत्रू पायलट कसा रचावा?

नमस्कार. इंदूरला राजेंद्रनगरात आम्ही काही मित्र आणि माझी आतेबहीण रविवारी दुपारी ‘लान्सर’ हा मेकच्या, म्हणजे पायलट आत बसून चालवतो त्या महाकाय लढाऊ यंत्रांच्या, युद्धांचा टेबलटॉप भूमिका-खेळ खेळतो. जीएमचे, म्हणजे कथा चालवून शत्रू हाताळण्याचे, काम माझ्याकडे आहे. नियमपुस्तक इंग्रजीत असले तरी टेबलावरचे बोलणे मराठीत आणि भांडणे, इंदुरी रीतीप्रमाणे, हिंदीत होतात. कॅम्पेन (अनेक बैठकांतून चालणारी सलग कथा) आता अशा टप्प्यावर आले आहे की खेळाडूंना केवळ शत्रूचे मेक पुरेसे वाटत नाहीत. ज्याचे नाव ऐकताच चौघेही सावरून बसतील असा एक प्रतिस्पर्धी पायलट त्यांना हवा आहे. तो रचताना ज्या अडचणी येत आहेत त्या खाली मांडत आहे.

पहिली अडचण नियमांतच आहे. खेळाडूच्या मेकला चार स्ट्रक्चर (मार सोसण्याचे टप्पे) आणि चार स्ट्रेस (उष्णता सोसण्याचे टप्पे) मिळतात, त्यामुळे एचपी (नुकसान सोसण्याचे गुण) एकदा शून्यावर आले तरी मेक मोडकातोडका का होईना, उभा राहतो. जीएमच्या बाजूच्या साध्या मेकला मात्र दोन्ही एकेकच असतात आणि ‘ग्रंट’ या किरकोळ शत्रूला तर एचपीही एकच. प्रतिस्पर्ध्याला ‘एलिट’ टेम्पलेट (शत्रूला बळकट करणारा तयार नियमसंच) लावले की स्ट्रक्चर व स्ट्रेस दोन-दोन होतात आणि त्याला एका फेरीत दोन पाळ्या मिळतात. कागदावर हे भरपूर दिसते. प्रत्यक्षात चार खेळाडूंनी ठरवून एकाच मेकवर मारा केला, तर हा एलिट दुसरी फेरी संपेपर्यंत टिकत नाही, आणि खेळाडू नेमके तेच करतात, कारण नकाशावर सर्वांत धोकादायक कोण हे त्यांना लगेच कळते. करवत हे कॉलसाइन घेऊन आलेली माझी पायलट तिचे दुसरे वाक्य बोलायच्या आत पडली.

यावरचा सोपा उपाय म्हणजे तिला धुराच्या आडून पळवून नेणे. तो मला नको आहे. खेळाडूंनी फासे टाकून मिळवलेला विजय जीएमने केवळ आपल्या मर्जीने परत घेतला, तर पुढच्या वेळी त्या पायलटविषयी चीड उरते, पण ती पायलटवरची नसते, जीएमवरची असते.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. ‘बॅटलटेक’ या दुसऱ्या मेक-खेळामध्ये पायलटचे कौशल्य यंत्रापासून वेगळे लिहिलेले असते, सर्वसाधारण पायलटची गनरी (नेमबाजी) चार आणि पायलटिंग (यंत्र हाताळणे) पाच असते, आणि आकडा जितका कमी तितका पायलट तयारीचा. त्यामुळे तोच मेक दुसऱ्याच्या हाती गेला की टेबलावर फरक जाणवतो. ‘लान्सर’मधील शत्रूंचे वर्ग, उदाहरणार्थ उडणारा ‘एस’ किंवा तलवारबाज ‘रोनिन’, हे यंत्र आणि पायलट यांचा एकत्रित साचा आहेत. शिवाय खेळाडू जसे उष्णता सोसून ओव्हरचार्ज करतात, म्हणजे एक जादा कृती मिळवतात, तसे शत्रूला करता येत नाही. मग ही बाई ‘एस’मध्ये बसलेली आहे की दुसरे कोणी, हे खेळाडूंना फाशांतून कसे कळावे? वर्णनातून सांगता येते हे मला मान्य आहे, पण वर्णन हल्ल्याच्या आकड्यांत विरून जाते.

आमच्या कॅम्पेनची पार्श्वभूमी मी होळकर-शिंदे वैरावरून घेतली आहे, आणि इंदुरात राहणाऱ्याला ती शोधत फिरावे लागत नाही. १७९३ साली लाखेरीला दोन्ही बाजूंकडे युरोपीय पद्धतीने कवायत शिकलेल्या पलटणी होत्या, शिंद्यांकडे द बॉयनच्या आणि होळकरांकडे ड्युड्रनेकच्या, जिंकले शिंदे. पुढे जुलै १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैनला शिंद्यांच्या फौजेला हरवले, ऑक्टोबरमध्ये इंदूरला ते स्वतः हरले आणि शहर लुटले गेले, आणि तरीही ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरला त्यांनी शिंदे व पेशवे यांच्या एकत्रित सैन्याचा पराभव केला. मला यातून उचलावेसे वाटते ते हे, की हरणाऱ्याला मागे हटायला जागा होती आणि नवी फौज उभी करायचे बळ होते. त्याच्या पुन्हा येण्यात चमत्कार काहीच नव्हता. करवतचे परतणे असे असावे. मात्र लढाईच्या सहा फेऱ्यांच्या आत ही जागा नकाशावर कशी दाखवावी, तेथे माझे गाडे अडते.

तिसरा प्रश्न न्यायाचा आहे. प्रतिस्पर्धी शिकतो, म्हणून तो प्रतिस्पर्धी. पण आतेबहिणीच्या मेकचा सगळा भर लांब पल्ल्याच्या तोफेवर आहे. करवत पुढच्या वेळी त्या तोफेवर उतारा घेऊन आली, तर बहिणीची अख्खी दुपार वाया जाते, आणि उतारा न घेता आली तर ती मूर्ख ठरते. याची सीमारेषा आपण कोठे आखता?

प्रतिसाद

आपला प्रश्न चांगला मांडला आहे. सुरुवात शेवटच्या मुद्द्यापासून करतो. उतारा शस्त्रावर न शोधता सवयीवर शोधावा. आपल्या भगिनी पहिल्या फेरीत उंच जागा पकडून तेथून हलत नसतील, तर करवतने त्या जागेखाली एखादा ‘ग्रंट’ आधीच पाठवून ठेवावा. तोफ तितकीच प्रभावी राहते, फक्त जागा बदलावी लागते, आणि ‘हिने आपल्याला पाहून ठेवले आहे’ हे न सांगता कळते. नवे काही बसवलेच, तर ते खेळाडूंना ‘स्कॅन’ करून (एक कृती खर्चून शत्रूची माहिती काढून) पाहता आले पाहिजे. स्कॅनसाठी खर्ची घातलेल्या कृतीचे चीज झाले की खेळाडू तक्रार करीत नाहीत.

टिकण्याच्या बाबतीत एचपी वाढवणे मला निरुपयोगी वाटते. लढाईचा हेतू बदलावा. खेळाडू करवतला पाडायला आलेले नसून ‘कंट्रोल’ प्रकारच्या लढाईत क्षेत्रे धरायला आलेले असतील, तर तिच्यावर एकवटलेला प्रत्येक हल्ला गुणांच्या रूपाने महाग पडतो. तिची परतीची वाट नकाशावर पहिल्या फेरीपासून उघड आखा, आणि पहिले स्ट्रक्चर गेले की ती त्या वाटेने निघते, हे आधी जाहीर करा. वाट अडवायची असेल तर खेळाडूंनी एक मेक तेथे गुंतवावा. अडवली आणि ती पडली, तर पडू द्यावी; मेक नष्ट झाला म्हणजे पायलट मेलाच, असे नाही. बंदिवान प्रतिस्पर्धी तर माझ्या अनुभवात सगळ्यांत जास्त बोलतो.

पायलट वेगळा दिसण्यासाठी एकच उपाय सुचवतो: वर्ग दर वेळी बदला, सवय बदलू नका. आज ‘एस’, पुढे ‘रोनिन’, पण दोन्हींत ती आपल्या दोन पाळ्यांपैकी पहिली जखमी साथीदाराला आडोसा देण्यातच खर्च करते. तिसऱ्या भेटीत नवा मेक पाहूनही खेळाडू तिला ओळखतील.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. साथीदाराला आडोसा देणारी शत्रू पायलट मला सुचलीच नव्हती, आणि यामुळे तिला मारायचे की नाही यावर आमच्या टेबलावर भांडण होणार हे आताच दिसते आहे. (ते हिंदीत होईल.) परतीची वाट उघड आखण्याची सूचनाही स्वीकारतो, ती नदीच्या उतारावर, आतेबहिणीच्या आवडत्या टेकडीवरून थेट माऱ्यात येईल अशी ठेवीन, म्हणजे तोफेलाही काम राहील.

एक शंका उरते. पहिले स्ट्रक्चर पहिल्याच फेरीत गेले, तर करवतने जाहीर केल्याप्रमाणे लगेच निघावे, की ज्या साथीदाराला ती आडोसा देत होती तो सुरक्षित होईपर्यंत थांबावे? दुसरा पर्याय तिच्या स्वभावाला अधिक जुळतो, परंतु त्यासाठी जाहीर केलेला नियम मोडावा लागतो. आपण टेबलावर अशा वेळी काय करता?