मदत हवी आहे: बहाव्यावरच्या उडत्या भुंग्याचा फोटो

पुण्यात वेताळ टेकडीच्या बाजूला बहावा फुललाय. घोसांवर मोठे काळे भुंगे सकाळी साडेसातलाच हजर असतात. 100 एमएम मॅक्रो (जवळून टिपणारी) लेन्स, क्रॉप (छोट्या) सेन्सरचा कॅमेरा, डिफ्युझर (उजेड मऊ करणारा पडदा) लावलेला फ्लॅश एवढं सामान आहे.

नुसत्या उन्हात शटर 1/2000 सेकंद, लेन्सचं छिद्र एफ 8, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 1000 ठेवलं तरी पंख पुसटच येतात. फ्लॅश 1/16 पॉवरला ठेवला तर पंख गोठतात, पण सिंक (फ्लॅशसोबत चालणारा सर्वात वेगवान शटर) 1/200 चा असल्यामुळे उन्हातली दुसरी अंधुक प्रतिमा शेजारी उमटते. ती घालवायला एफ 16, आयएसओ 100 केलं की मागचं सगळं काळं. भर सकाळी रात्रीचा फोटो! हाय-स्पीड सिंकमध्ये (त्याहून वेगवान शटर चालवायची सोय) फ्लॅश तुकड्यातुकड्यांनी पेटतो, म्हणून पंख पुन्हा पुसट.

शिवाय पिवळा रंग. एकत्रित हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ठीक दिसतो, लाल चॅनल मात्र कापला जातो, म्हणजे त्यातला तपशील उडतो. एक्स्पोजर उणे 2/3 स्टॉप, म्हणजे फोटो थोडा गडद केला तर भुंगा कोळसा.

घोसामागे सावलीतली पानं ठेवून, मागे दुसरा फ्लॅश लावून कुणी केलंय का? त्याची पॉवर आणि अंतर किती ठेवता? आणि वाऱ्यात झुलणारा घोस कशाने धरता? क्लिप लावली की पाकळ्या गळतात.