मदत हवी आहे: रस उरला नसल्याचे ब्रिटिश रुग्ण नेमके कोणत्या शब्दांत सांगतात?

नमस्कार. ब्रिटनमधील रुग्णालयांत नोकरीसाठी जाऊ इच्छिणाऱ्या परिचारिकांना मी इंग्रजी शिकवते. आजारांची आणि औषधांची इंग्रजी नावे त्यांना तोंडपाठ असतात आणि व्याकरणही बहुतेकींचे पक्के असते. गाडी अडते ती रुग्णाच्या घरगुती बोलीपाशी, त्यातही एखाद्या गोष्टीत रस असणे किंवा तो ओसरणे हे सांगणाऱ्या वाक्प्रचारांपाशी. तिकडे रुग्णसेवेत असलेल्या किंवा दीर्घकाळ राहिलेल्या सभासदांनी याबाबत मार्गदर्शन करावे, अशी विनंती आहे.

नैराश्याची चाचपणी करण्यासाठी तिकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या पीएचक्यू-९ प्रश्नावलीत पहिलाच प्रश्न असा असतो की, गेल्या दोन आठवड्यांत काही करण्यात रस किंवा आनंद न वाटण्याचा त्रास किती वेळा झाला. उत्तरानुसार त्याला ० ते ३ गुण मिळतात. कागदावर हे सोपे दिसते. पण सत्तरी ओलांडलेले आजोबा आपल्या मनाचे वर्णन प्रश्नावलीच्या भाषेत करत नाहीत. ते ‘आय कान्ट बी बॉदर्ड’ (काही करावेसेच वाटत नाही) एवढेच म्हणून कूस बदलतात, आणि परिचारिकेने तो आळस समजून सोडून दिला, तर जे डॉक्टरांच्या कानावर जायला हवे ते खाटेपाशीच राहते. म्हणूनच हे वाक्प्रचार परीक्षेपुरते पाठ करून घेणे मला पुरेसे वाटत नाही.

सर्वाधिक घोटाळा ‘गो ऑफ’चा होतो. ‘द मिल्क हॅज गॉन ऑफ’ म्हणजे दूध नासले. ‘आय हॅव गॉन ऑफ मिल्क’ म्हणजे मला आता दूध नकोसे झाले आहे. शब्द जवळपास तेच असले, तरी पहिल्या वाक्यात दूध बदलायचे आहे आणि दुसऱ्यात रुग्णाकडे लक्ष द्यायचे आहे. मुलगी आईविषयी ‘शी हॅज गॉन ऑफ हर फूड’ असे सांगते, तेव्हा आईची अन्नावरची वासना उडाली आहे, हे ऐकताक्षणी लक्षात यायला हवे. आरोग्यसेवेतील लोकांसाठी असलेल्या ओईटी या इंग्रजीच्या परीक्षेत श्रवणाच्या पहिल्या भागात रुग्णांशी झालेले संवाद ऐकून टिपणातील २४ रिकाम्या जागा भरायच्या असतात. तेथे असा एक शब्द निसटला, की विद्यार्थिनी गोंधळते आणि पुढची दोन वाक्येही हातची जातात.

‘नॉट माय कप ऑफ टी’ मी वेगळे ठेवते, कारण त्यात आवड मुळातच नसते, ओसरलेली नसते. ‘कुडन्ट केअर लेस’ (मला काडीचीही पर्वा नाही) हे तुटक आणि बरेचसे उर्मट असल्याने ते ओळखता यावे, स्वतः वापरू नये, असे मी सांगते. अमेरिकेत त्याच अर्थाने ‘कुड केअर लेस’ही म्हणतात, हेही कानावर घालून ठेवते.

माझी खरी अडचण ‘नॉट बॉदर्ड’ आणि ‘नॉट फस्ड’ यांची आहे. चहा की कॉफी, या प्रश्नावर ‘आयम नॉट फस्ड’ हे उत्तर म्हणजे दोन्हींपैकी काहीही चालेल, एवढाच सौजन्याचा भाग असतो. परंतु दुपारी मुलगा भेटायला येणार आहे, असे सांगितल्यावर वृद्ध रुग्ण ‘आयम नॉट बॉदर्ड’ (मला त्याचे काही नाही) म्हणाला, तर तो स्वभाव समजावा, रुसवा समजावा की मन विझल्याची खूण? तुम्ही हा फरक आवाजावरून ओळखता, की त्याच्या आधीच्या दिवसांतील वागण्याशी ताडून पाहता? अशा वेळी पुढचा प्रश्न कसा विचारता, जेणेकरून उलटतपासणी होते आहे असे त्याला वाटणार नाही? उत्तर इंग्लंड किंवा स्कॉटलंडमध्ये यासाठी वेगळे शब्द कानी पडत असतील, तर तेही कृपया कळवावेत.

उलट बाजूही शिकवायची आहे. नातू येताच आजी ‘पर्क्ड अप’ झाल्या, म्हणजे त्यांना तरतरी आली, किंवा रुग्ण पुन्हा ‘टेकिंग अ‍ॅन इंटरेस्ट’ म्हणण्याजोगा झाला, हे शब्द रोजच्या नोंदीत चालतात का, की तेथे रुग्णाचे मूळ बोल अवतरणात लिहून केवळ दिसले तेवढेच नोंदवायचे असते? जेवणाविषयी ‘डू यू फॅन्सी अ बिट ऑफ टोस्ट?’ (थोडा टोस्ट खावासा वाटतो का?) असे वयाने मोठ्या, अनोळखी रुग्णाला विचारणे आपुलकीचे वाटते की सलगीचे?

ज्यांना शक्य असेल त्यांनी प्रत्यक्ष ऐकलेली वाक्ये, रुग्णाची ओळख पटणार नाही अशा रीतीने, जशीच्या तशी देवनागरीत लिहावीत. कोणत्या प्रसंगी ती बोलली गेली हेही सोबत असल्यास वर्गात संवाद बसवताना त्यांचा थेट उपयोग होईल.